खाडी कुठल्या हाताला

"कागद खोटं बोलेल, फोटो कसा बोलेल?" असं मी एकदा एका परदेशी बाईला इंग्रजीत ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा मी तिशीतली, रत्नागिरीतल्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारी, आणि जगातली सगळी अक्कल आपल्या पर्समध्ये मावते अशा समजुतीची. आता सत्तरी उलटली. नातवंडं मोबाइलवर माझा फोटो काढतात, माझ्या डोक्यावर सशाचे कान बसवतात आणि मला दाखवतात. तेव्हा ते वाक्य आठवून मी हसते. पोरांना वाटतं, आजी सशाच्या कानांना हसली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. चैत्र चालू होता, शाळेत पेपर तपासायचे दिवस. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "बाई, ह्या इंग्लंडहून आल्यात. तुम्ही जरा बोलून घ्या." खुर्चीत पन्नाशी ओलांडलेली एक उंच बाई बसली होती. उन्हानं नाक सोललेलं, पायात पुरुषी जाड बूट. तिनं मुख्याध्यापकांना काहीतरी दुरुस्ती सांगितली. त्यातला 'नो' तेवढा मला कळला.

माझं इंग्रजी म्हणजे व्याकरणाचं. कर्तरीचं कर्मणी मी झोपेतसुद्धा करून दिलं असतं. पण ज्याची ती मायबोली आहे असा माणूस मी तोवर समोर बसून ऐकला नव्हता. ती बाई बोलली, ते पाण्यावरून चपट्या खापऱ्या उडाव्यात तसं माझ्या कानांवरून गेलं. मी म्हटलं, "येस." ती आणखी बोलली. मी पुन्हा "येस." तिचा चेहरा एकदम उजळला आणि तिनं माझे दोन्ही हात धरले. तिच्याबरोबर सगळा जिल्हा पालथा घालायला मी कबूल झाले आहे, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

मग तिनं पिशवीतून पुठ्ठ्यांमध्ये जपलेला एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला. हळूहळू बोल म्हटल्यावर ती हळूहळू बोलली, आणि मला कळायला लागलं.

फोटो पोस्टकार्डाएवढा, चहाच्या रंगाचा, कोपरे कसरीनं खाल्लेले. जांभ्या दगडाचं एक बैठं घर. दारात कोट घातलेला मिशाळ साहेब, शेजारी खुर्चीत टोपीवाली मडम. पायरीवर आपल्याकडची एक बाई बसलेली, नऊवारी लुगडं, नाकात नथ, आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या झबल्यातलं एक बाळ. घराच्या मागे डाव्या हाताला खाडीचं पाणी, ते पुढे समुद्रात मिसळतंय, लांब एक शीड. उजव्या हाताला डोंगराचा उतार. पाठीमागे पेन्सिलीनं आमच्या जिल्ह्यातल्या एका खाडीचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, तिथली घरं अजून नांदती आहेत.

साहेब म्हणजे ह्या बाईचे आजोबा. कस्टमच्या नोकरीत किनाऱ्यावर होते. बाळ ही त्यांची पहिली मुलगी. ती दोन वर्षांचीही न होता तिथेच गेली. नवराबायको मायदेशी परतले, तिकडे त्यांना दुसरी मुलगी झाली. ती दुसरी मुलगी म्हणजे ह्या बाईची आई. ती आता ऐंशीला टेकली होती, अंथरुणाला खिळली होती, आणि डॉक्टरांनी हात टेकले होते.

"माझी आजी मरेपर्यंत एकच बोलत राहिली," ती बाई म्हणाली. "माझं बाळ परक्या दाराशी एकटं पडलंय. ते दार नेमकं कुठलं, हे तिला कुणी विचारून ठेवलं नाही. आता माझी आई तेच बोलते. तिला त्या जागेची मूठभर माती हवी आहे. तिच्याबरोबर पुरायला. त्याच्यासाठी ती थांबली आहे."

मला गलबलून आलं. आणि गलबलून आलं की माणूस नको ती वचनं देतो. मी म्हटलं, "फोटो आहे ना? मग सापडलंच समजा."

घरी सासूबाईंना सांगितलं. त्या माडीच्या जिन्यावर बसून आमसुलं निवडत होत्या.

"कोण गो ही बया? इंग्रज?"

"नाही आई, आयर्लंडची. तो वेगळा देश."

"वेगळा म्हणजे कसला वेगळा? गोरी ती गोरी."

"त्यांच्यावरही इंग्रजांनीच राज्य केलं."

सासूबाईंचा हात थांबला. "मग आधी नाही का सांगायचं? आपल्यातलीच म्हणायची. उद्या जेवायला घेऊन ये तिला."

दुसऱ्या दिवशी ती पाटावर बसायला खाली वाकली ती वाकलीच. पाय कुठे ठेवायचे ते तिला कळेना. शेवटी बूट काढून, पाय लांब सोडून जेवली. भातापेक्षा बटाट्याची भाजी तिनं तीनदा घेतली. सासूबाई मला म्हणाल्या, "हिचं माहेर त्या बटाट्यात आहे बघ." मी भाषांतर करायला गेले, तर ती बाई आधीच हसत होती. त्या दोघी पुढे महिनाभर एकमेकींशी बोलल्या, माझ्या मदतीशिवाय. मी मध्ये पडले की मात्र घोटाळा व्हायचा.

आधी आम्ही कचेरीत गेलो. जुन्या दप्तराच्या खोलीत छपरापर्यंत लाल कापडात बांधलेले रुमाल. एकेक सोडला की धूळ उठायची, वाळवीनं खाल्लेल्या कागदांचा भुगा मांडीवर पडायचा. तिथल्या कारकुनानं पहिल्या दिवशी आम्हाला स्टूल दिलं, दुसऱ्या दिवशी चहा, आणि तिसऱ्या दिवसापासून तो स्वतःच आमच्याबरोबर शोधायला लागला. एका दुपारी त्यानं एक पान आमच्याकडे सरकवलं. अमक्या अधिकाऱ्याला खाडीवरच्या घराचं भाडं मंजूर, एवढीच ओळ. ती बाई त्या नावावर बोट ठेवायला गेली आणि कागदापासून जरा वरच तिनं बोट थांबवलं. तसंच, अधांतरी, ती त्या नावावरून बोट फिरवत राहिली. इतक्या लांबून येऊन, इतक्या कागदांच्या ढिगाऱ्यात, तिच्या आजोबांचं नाव तिची वाट बघत बसलेलं होतं. मी रोज त्या कचेरीवरून भाजी घेऊन जात असे.

पण घर खाडीच्या कुठल्या तीरावर, ते त्या ओळीत नव्हतं. चर्चच्या दफनाच्या नोंदींत बाळाचं नाव नव्हतं. तिथले फादर म्हणाले की लांबच्या बंदरांत महिनोन्‌महिने धर्मगुरू पोचत नसे, अशा वेळी लोक लहान मूल घराजवळच ठेवत.

राहिला फोटो. मग माझ्या अकलेनं पदर खोचला. शाळेत रिकाम्या वर्गात त्या बाईला बाकावर बसवून मी फळ्यावर नकाशा काढला. "हे बघा, पाणी समुद्राला मिळतंय, म्हणजे तोंड पश्चिमेला. खाडी डाव्या हाताला, डोंगर उजव्या हाताला. म्हणजे घर उत्तर तीरावर. सिद्ध झालं." खडूचे हात झाडले. ती म्हणाली, भाड्याच्या त्या पानाच्या माथ्यावर तर खाडीच्या अलीकडच्या गावाचं नाव आहे, आणि ते दक्षिण तीरावर आहे ना? त्यावर मी तिला ते सुरुवातीचं वाक्य सुनावलं. तिनं वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

मग रोज पहाटेची एस.टी. दक्षिण तीरावर उतरायचं, उतारानं धक्क्यावर जायचं, होडीत बसून पलीकडे. उत्तर तीरावरचे लोक फार प्रेमळ. हेदवीच्या बाजूला माझी मावशी होती, तिच्या ओळखीनं तर आमची पालखीच निघाली. आणि तिथेच सगळी गंमत. आपल्याकडे दारात आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणायची रीत नाही. फोटो दाखवला की जो तो म्हणायचा, "असंल, असंल, हतंच असंल." शहाळं फोडायचे, मग फोटोतला डोंगर आपल्या मागच्या डोंगराशी जुळवून दाखवायचे. न जुळला तर म्हणायचे, पावसानं खचलाय. एका गृहस्थांनी आम्हाला साहेबाचं थडगं म्हणून माडाच्या बागेत नेलं. ती बाई डोळे मिटून उभी राहिली, आणि मी बघते तर तो मोजणीखात्याचा हद्दीचा दगड. तिला सांगायचं कसं? ती प्रार्थना करत होती. मीही हात जोडले. परतताना होडीत सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. हसता हसता रडायला लागली, ते त्याला दिसू नये म्हणून मी आपली छत्री उघडली.

त्याच संध्याकाळी पोस्टात तिला तार मिळाली. आईनं खाणं सोडलं होतं. तिला चार दिवसांत मुंबईहून विमान धरायचं होतं.

"माती कुठलीही नेता येईल," ती म्हणाली. "आईला कळणार नाही. पण मला कळेल."

माझी पर्स त्या दिवशी फार हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू. सासूबाईंनी तिलाही बोलावलं होतं. घरात आंब्याच्या डाळीचा वास, पन्ह्याचं पातेलं झाकून ठेवलेलं. मला हुकूम झाला, नऊवारी नेस आणि नथ घाल. आता खरं सांगते, तेव्हा मला आरशाचं भारी वेड. सासूबाई म्हणायच्या, "आरसा झिजेल गो, सरक." मी नटून आरशासमोर उभी राहिले, आणि मनात काय यावं, तर ती फोटोतली पायरीवरची बाई आणि मी, जास्त देखणी कोण? फोटो माझ्याकडेच होता. मी तो आरशाच्या काचेला टेकवला, माझ्या चेहऱ्याच्या बाजूला. तिची मान अशी, माझीही तशी केली. तिचा पदर असा, माझाही तसा घेतला. तिची नथ डाव्या हाताला, माझीही डाव्या हाताला. अगदी जावाजावा शोभतो, असं म्हणून मी स्वतःवर खूष झाले.

तेवढ्यात दारातून सासूबाई म्हणाल्या, "बायका आल्या, आणि ही अजून आपलं रूप बघतेय." मी वळले. त्या माझ्यासमोर उभ्या, नाकात नथ. त्यांची नथ माझ्या उजव्या हाताला होती.

मी आरशात पाहिलं. माझी डाव्या हाताला. सासूबाईंकडे पाहिलं. उजव्या. फोटोकडे पाहिलं. डाव्या.

"काय गो? भूत बघितलंस?"

"आई, तुम्ही नथ कुठल्या नाकपुडीत घालता?"

"कुठल्या म्हणजे? डाव्या. उजव्या नाकपुडीत कधी कुणी घातलीय का आपल्यात? वाऱ्यावर आहेस का?"

मी फोटो त्यांच्यासमोर धरला. "मग हिनं कशी घातली?"

सासूबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. "ही बाई आरशातली आहे," त्या म्हणाल्या.

मी नऊवारीत, नथीसकट, ओटीवर धावले. ती बाई बायकांच्या घोळक्यात हाताला चंदन लावून घेत बसली होती. तिला उठवून आत आणली, आरशासमोर उभी केली आणि फोटो आरशाकडे तोंड करून धरला. आरशातल्या फोटोत खाडी उजवीकडे गेली होती, डोंगर डावीकडे, आणि पायरीवरच्या त्या बाईची नथ जिथे असायला हवी तिथे, डाव्या नाकपुडीत. त्या बाईला आधी काही समजेना. मग तिनं आरशात नाक घातलं, अगदी जवळून पाहिलं, आणि तिथेच जमिनीवर बसली.

"बटणं," ती म्हणाली. "कोटाची बटणं."

त्यांच्यात म्हणे पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर येते, बाईच्या कोटाची उजवी. फोटोत आजोबांच्या कोटाची उजवी बाजू वर होती. तीन पिढ्या घरात थट्टा चालली होती, की आजोबांनी घाईघाईत आजीचा कोट चढवला. दर नाताळात कुणीतरी तो विनोद करायचंच. तेव्हा फोटोची निगेटिव्ह काचेची असे, ती आजोबांनी मायदेशी नेली, तिकडे ती छापताना कुणीतरी उलटी ठेवली असणार, आणि तिथे नथ कुणाला माहीत? बटणांनी त्यांना सांगायचा प्रयत्न केला, ते हसले. नथ रोज माझ्यासमोर होती, मी फळ्यावर नकाशे काढत होते.

बायका हळदीकुंकू सोडून आत आल्या. एकेक जण आरशात डोकावून फोटो बघायची आणि गप्प व्हायची. तीस बायका आणि घरात आवाज नाही, असं आमच्या आळीत त्याआधी आणि त्यानंतर कधी घडलं नाही. शेवटी कुणीतरी म्हणालं, "सत्तर-ऐंशी वर्षं ही बिचारी उलटी बसली होती."

सकाळी पहिल्या एस.टी.नं आम्ही गेलो, आणि ह्यावेळी धक्क्याकडे उतरलोच नाही. दक्षिण तीराच्या कडेनं उजव्या हाताला पाणी ठेवून चालत राहिलो. मी एका हातात फोटो आणि दुसऱ्या हातात माझा पावडरचा आरसा धरून, अशी आरशात बघत बघत चालत होते. गावातल्या कुत्र्यांनीही तो प्रकार कधी पाहिला नसावा. एका वळणावर डोंगराची कड आणि आरशातली कड एकावर एक बसली. मी जागच्या जागी थांबले. तिथे घर नव्हतं, जांभ्याचं नुसतं जोतं होतं, त्यावर गवत. शेजारी एक कौलारू घर, अंगणात काजूच्या बिया वाळत घातलेल्या आणि त्या राखत पडवीत बसलेले एक म्हातारे. पंचाहत्तरीचे असतील. त्यांची सून आमच्यासाठी पाणी आणि गूळ घेऊन आली.

"रोज होडीतून पलीकडं जाता ती गोरी बाय, तुमीच ना?" म्हातारे म्हणाले. "आमी म्हणलंव, तकडं कायतरी काम असंल."

मी विचारलं, इथे कधी साहेब राहायचा का? ते जोत्याकडे हात करून म्हणाले, "ता काय." इतकं सोपं. मग मी फोटो काढला, पुढे आरसा धरला आणि त्यांना आरशात बघायला सांगितलं.

ते खूप वेळ बघत राहिले. साहेबाकडे नाही, मडमेकडे नाही. मला वाटलं त्यांना दिसत नसेल. मी आरसा जवळ नेला, तर त्यांनी माझं मनगट धरून हात स्थिर केला.

"ही माजी आवस," ते म्हणाले. त्यांची आई.

सून पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

"आवशीचा फोटू कदी काडलेलाच नाय. चेहरा इसरायला झालेला. सपनातसुदा पाटमोरी यायची." मग त्यांनी त्या झबल्यावर बोट फिरवलं, आरशावरून. "आणि ही माजी थोरली बहीण."

मी म्हटलं, "नाही हो आजोबा, ते साहेबाचं बाळ."

"साहेबाचा कसा? मडमेला दूद नव्हता. माज्या आवशीचा पयला पोर जलमताच गेलेला, तिच्या अंगावर दूद. ही तिच्या दुदावर वाढली. मग बहीण नाय तर कोन?"

हे मी त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोडकं इंग्रजी ते. व्याकरण कुठे गेलं देव जाणे. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "तिला कुठे ठेवलं?"

म्हाताऱ्यांनी उठून जोत्यामागे नेलं. सुरंगीचं एक जुनं झाड, बुंध्याशी चार चिरे लावून केलेली लहानशी चौकट, आणि आतली जमीन शेणानं सारवलेली. ताजी. सून म्हणाली, "आत्येसासूबायचा पान मीच ठेवतंय. सर्वपित्रीला. दूदभाताचा. आधी सासूबाय ठेवायच्या, त्याच्या आदी आजेसासू." तिनं ते असं सांगितलं, जणू गोठ्यातलं शेण कोण काढतं हे सांगतेय. आत्येसासू. मूठभर झबल्यातली, दोन वर्षांचीही न झालेली आत्येसासू. साहेब आणि मडम गेल्यावर ह्या घरातल्या बायकांनी सून आली की तिला हे एक काम सांगितलं होतं, आणि एकीनंही का म्हणून विचारलं नव्हतं. तिकडे तीन पिढ्या एक बाळ एकटं पडलंय म्हणून झुरत होत्या, आणि इकडे ते दरवर्षी दूधभात खात होतं.

त्या बाईनं गुडघे टेकले. तिनं सारवलेल्या जमिनीला हात लावला नाही, चिऱ्याला लावला. मी बाजूला झाले. अशा वेळी भाषांतर करणारी बाई म्हणजे पायातला काटा.

मग मातीची गोष्ट काढावी लागली. म्हाताऱ्यांचा चेहरा बदलला.

"माती न्हेणार? म्हंजे तिला न्हेणार?"

"तिची धाकटी बहीण तिकडे आजारी आहे. तुमच्यासारखीच ती पण पाठची बहीण. तिला जवळ हवी आहे."

"पन ही हतं रमलेली हाय."

ती बाई माझ्याकडे बघत होती. तिला कळत नव्हतं काय चाललंय, पण नकार कुठल्याही भाषेत कळतो. तिनं आग्रह केला नाही. पिशवीतला डबा काढला होता तो तिनं परत आत ठेवला. मला वाटतं म्हाताऱ्यांनी ते पाहिलं.

ते झाडाशी उकिडवे बसले, खांद्यावरचं फडकं डोक्याला गुंडाळलं आणि गाऱ्हाणं घातलं, गावच्या देवासमोर घालतात तसंच, मोठ्यानं.

"बाय, तुजी पाठची बहीण तकडं हातरुनात पडलीय. तिनं तुला कदी बगितलेली नाय, तरी तुजी वाट बगतेय. आमी तुला हाकलत नाय, आमी तुला आडवत नाय. थोडी तकडं जा, थोडी हतं ऱ्हा. मागं-फुडं काय चुकला असंल तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा," सून म्हणाली.

कसं कोण जाणे, मीही म्हणाले. आणि त्या परदेशी बाईनं, एक अक्षर न कळता, आमच्या तोंडाकडे बघून जमेल तसं म्हटलं.

त्यांनी स्वतःच्या हातानं सारवण बाजूला करून ओंजळभर लाल माती काढली, डब्यात घातली आणि वर चार दाणे तांदूळ टाकले, वाटेत भूक लागली तर असावेत म्हणून. सुनेनं लगेच ती जागा पुन्हा सारवली. त्या घरात तिला कोणत्या नावानं हाक मारत, ते मी म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं. ती बाई एस.टी.च्या थांब्यापर्यंत ते नाव घोकत आली.

पण निघायच्या आधी आणखी एक झालं. म्हाताऱ्यांनी काही मागितलं नाही. फक्त म्हणाले, "येकदा आरशात दाखवा." मी दाखवलं. ते आईकडे बघत बसले, आणि ती बाई त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग तिनं फोटो त्यांच्या हातात ठेवला आणि त्यांची बोटं त्यावर मिटवली.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अहो, हा एकच आहे. तुमच्या आईला?"

ती म्हणाली, "आईनं हा जन्मभर पाहिलाय. ह्यांनी आजच पाहिला."

मग माझा पावडरचा आरसाही तिथेच ठेवावा लागला. नाहीतर त्यांची आई पुन्हा उलटी बसली असती.

महिन्याभरानं तिचं पत्र आलं. ती वेळेवर पोचली होती. आई अजून होती, बोलतही होती. डबा उघडल्यावर तिनं आधी मातीचा रंग पाहिला, एवढी लाल माती तिला खरी वाटेना. मग डबा नाकाशी नेला, बराच वेळ तसाच धरला आणि म्हणाली, हिला दुधाचा वास येतोय. सगळी हकिकत ऐकून झाल्यावर पुन्हा तेच म्हणाली, बघ, दुधाचाच. मग तिनं ते नाव विचारलं, दोनतीनदा म्हणून बघितलं. आठवड्याभरानं ती गेली. लेकीनं माती तिच्या हाताशी ठेवली, तांदळासकट.

मी पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. वाचताना रडू येत होतं, आणि त्याच वेळी आतून हसूही. तो डबा मीच त्या बाईला स्वयंपाकघरातून दिला होता, माझ्या धाकटीच्या दुधाच्या पावडरचा. मी तो नीट धुतलासुद्धा नव्हता.

"आई, हे कळवू का तिला?"

सासूबाई आमसुलं उन्हात पसरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कशाला? वास डब्याचा असेल. पण ओळखलं तिनं बरोबर."